घर घेणाऱ्यानं भलतंच काही मागितलं तर

"आम्हाला एक रात्र या घरात झोपून बघायचंय."

घर बघायला तिसऱ्यांदा आलेल्या जोडप्यानं हे म्हटलं, तेव्हा मी आणि हे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. २६ वर्षं राहिलेलं घर विकायला काढलं होतं. भाव पाडून मागतील, भिंतीतली ओल काढून दाखवतील, कागद पुन्हा पुन्हा मागतील, या सगळ्याची तयारी होती. पण झोपून बघायचंय? माझ्या तोंडून "छे, असं कुठं असतं का" निघणारच होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "का हो, रात्रीचं काही वाटतंय का तुम्हाला?"

मग त्या मुलीनं सांगितलं. त्यांचं बाळ दहा महिन्यांचं, खुट्ट झालं की उठतं. आत्ताचं घर त्यांनी भर दुपारी बघून घेतलं आणि रात्री कळलं, की मागच्या गल्लीत ट्रक लागतात. तेव्हापासून दोघांची धड झोप नाही.

कारण कळल्यावर मागणी विचित्र राहिली नाही. त्यांना झोपायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. आम्ही त्यांना रात्री नऊ ते अकरा बोलावलं. ती दोघं बेडरूममध्ये दिवा मालवून बसली, आम्ही दार उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत. साडेदहाला शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला, वीस मिनिटं घरघरला. मला इतकी वर्षं तो कधी ऐकूच आला नव्हता. म्हटलं, गेलं गिऱ्हाईक! पण बाहेर येऊन नवरा म्हणाला, "पलीकडच्या खोलीत झोपलो तर चालेल." घर शेवटी त्यांनीच घेतलं.

तर पहिलं काम हे: हो किंवा नाही म्हणायच्या आधी "कशासाठी?" एवढं विचारायचं. तेही कोर्टात विचारल्यासारखं नाही, सहज. मध्ये एजंट असेल तर हे जरा अवघड जातं, कारण तो फक्त "पार्टी असं म्हणतेय" एवढंच घेऊन येतो. अशा वेळी एजंटला सांगावं, की त्यांच्याशी पाच मिनिटं समोरासमोर बोलू दे. आणि त्याच बैठकीत उत्तर देऊ नये. "घरी बोलून परवा सांगते" हे वाक्य मी इतक्यांदा वापरलं, की हे चिडवायला लागले.

कारण कळलं, की मग स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे आपण मान्य केलं आणि उद्या व्यवहार मोडला, तर माझं काय अडेल? रात्री दोन तास बसू दिल्यानं काहीच अडत नव्हतं. पण दुसऱ्या एका बाबतीत हा प्रश्न विचारायला मी विसरले, ते सांगते.

याच जोडप्याला भाड्याचं घर लवकर सोडावं लागणार होतं. "दोन आठवडे आमची खोकी तुमच्या रिकाम्या खोलीत ठेवू का?" इसार हातात आला होता, माणसं चांगली होती, मी हो म्हटलं. चाळीस-एक खोकी आली. मग त्यांच्या कर्जाचं काम लांबलं आणि दोन आठवड्यांचे सात झाले. मध्येच खिडकीतून पाऊस आत आला आणि खालच्या रांगेतली पुस्तकं भिजली. खिडकी आमची, पुस्तकं त्यांची, पाऊस कोणाचाच नाही. भांडण झालं नाही, पण महिनाभर फोनवर दोन्हीकडचे आवाज बदललेले होते. आणि व्यवहार मोडलाच असता, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी ती खोली कशी दाखवणार होते?

म्हणून सामान आधी ठेवायला द्यायचंच असेल, तर कोणत्या तारखेपर्यंत, त्यानंतर राहिलं तर रोजचं भाडं किती, भिजलं-फुटलं-चोरीला गेलं तर जबाबदारी कोणाची, आणि व्यवहार मोडला तर किती दिवसांत हलवायचं, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. घराचा विमा असेल तर त्यात दुसऱ्याचं सामान धरलंय का, तेही बघा. किल्ली मात्र द्यायची नाही. "रंग लावून घेतो", "सुतार माप घेऊन काम सुरू करेल", "आम्ही आधीच राहायला येतो, पैसे येताहेतच" या सगळ्यांचा अर्थ एकच: पैसे पूर्ण व्हायच्या आत ताबा. आत राहायला आलेल्या माणसाला बाहेर काढणं किती कटकटीचं, हे कुठल्याही वकिलाला विचारा. माप घ्यायला हवं तेवढ्यांदा येऊ द्या, फक्त आपण घरात असताना.

फोटो, व्हिडिओ मागितले तर हरकत नाही. आधी टेबलावरची बिलं, औषधांच्या पिशव्या, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो उचलून ठेवा. खुंटीवरच्या किल्ल्यासुद्धा! किल्लीचे दाते फोटोत स्पष्ट आले, तर त्यावरून तिची जोडकिल्ली बनवता येते.

भिंत फोडून ओल बघायची मागणीही आमच्याकडे आली. हा दुसरा गृहस्थ, अगदी हातोडी घेऊनच आलेला. त्याला आम्ही सांगितलं, की ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येणारा माणूस आणा, भिंतीला न फोडता कळतं. तरी फोडायचीच असेल, तर पूर्ववत करायचा खर्च आधी आमच्याकडे ठेवा. त्यानं यंत्रवाला आणला. ओल निघाली, नाही असं नाही. मग तो म्हणाला, तुम्हीच दुरुस्त करून द्या. इथे माझं मत ठाम आहे: जाताना घराची दुरुस्ती विकणाऱ्यानं अंगावर घेऊ नये. आपण स्वस्तातला मिस्त्री बघणार, घेणाऱ्याला ते काम पटणार नाही, आणि पुढच्या पावसात पहिला फोन आपल्याला येणार. अंदाज काढावा, तेवढे पैसे किमतीतून कमी करावेत, आणि तसं करारनाम्यात लिहावं. ओल लपवायची मात्र नाही. माहीत असलेला दोष दडवला, तर तो पुढे आपल्याच गळ्यात येतो.

एका मागणीवर "परवा सांगते" म्हणायचीही गरज नाही. "कागदावर किंमत कमी दाखवू, उरलेले रोख घ्या." किंवा उलट, कर्ज जास्त मिळावं म्हणून जास्त दाखवू. दोन्हींत खोट्या कागदावर सही आपली असते. वर रोख रकमेचा पुरावा नसतो, म्हणजे व्यवहार बिनसला तर आपण कशाच्या जोरावर बोलणार? तिथल्या तिथे नाही म्हणा, आवाज न चढवता.

आता वस्तू. घर विकताना सगळ्यात जास्त कटुता येते ती वस्तूंवरून. भिंतीला, जमिनीला पक्कं बसवलेलं ते घराबरोबर जातं, उचलून नेता येतं ते आपलं, असा साधारण समज असतो. पण पडद्याची दांडी पक्की आणि पडदा सुटा, टीव्हीचा स्टँड पक्का आणि टीव्ही सुटा, मग भांडणाला किती जागा आहे बघा. खोलीवार यादी करा, फोटो काढा, करारनाम्याला जोडा. आणि जे कुठल्याही परिस्थितीत द्यायचं नाही, ते घर दाखवायला लागण्याआधीच काढून ठेवा. माझ्या सासूबाईंचा आरसा मी काढला नव्हता. बघायला येणारी प्रत्येक बाई त्याच्यासमोर उभी राहून केस नीट करायची आणि म्हणायची, "हा राहू देणार ना?"

आमच्या जोडप्यानं मात्र आरसा सोडून शिडी मागितली. जुनी, लाकडी, एक पायरी तारेनं बांधलेली. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण माळा त्या घरात इतका वर आहे, की बाजारातली सरळ शिडी वळणावर अडते. आमची तेवढ्यासाठीच कापून घेतलेली होती. दिली. अशा फुकटातल्या गोष्टीला लगेच हो म्हणावं, पुढच्या दोन नकारांना तिचा उपयोग होतो. पायरी मोडकी आहे, हे यादीत लिहायला विसरले नाही.

ताबा दिल्यावरही मागण्या येतातच. आम्ही आधीच सांगितलं होतं, पहिले १५ दिवस काहीही विचारा, नंतर नळवाल्याचा आणि वायरमनचा नंबर देतो. त्यांनी ते पाळलं. शेवटचा फोन चौदाव्या दिवशी आला.

"काकू, हॉलमध्ये दारामागे एक बटण आहे. दाबलं तर काहीच लागत नाही. ते कशाचं?"

"आम्हालाही कधी कळलं नाही," मी म्हटलं. "कळलं तर सांगा."