अब्बा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ‘अब्बा गोल्ड’ कसं ऐकवावं

अब्बा या स्वीडिश चौकडीची ओळख करून द्यायला १९९२चा ‘अब्बा गोल्ड’ हाच संग्रह घ्यावा. पण १९ गाणी, जवळपास ७७ मिनिटं, एका बैठकीत ऐकवलीत की सहाव्या-सातव्या गाण्याला समोरचा म्हणतो, “छान आहे, पण सगळं सारखंच वाटतंय.” यात त्याची चूक नाही. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो हे चौकडीतल्या दोघी गायिका, आग्नेथा आणि फ्रीदा, यांच्या आवाजांचे थरावर थर चढवायचे, तेही टेपची गती किंचित बदलून. आवाज त्यामुळे भरगच्च होतो आणि सवय नसलेला कान लवकर थकतो.

म्हणून पहिल्या दिवशी पाचच गाणी, वीसेक मिनिटं. हेडफोनवर ऐकवा, मोबाईलच्या स्पीकरवर बेस गिटार गायब होते आणि उरतो नुसता गोडवा.

सुरुवात ‘एसओएस’नं (१९७५) करा. आधी एकटा पियानो, त्यावर आग्नेथाचा जवळजवळ उघडा, दुखरा आवाज. मग ध्रुवपदाला सगळी वाद्यं एकदम अंगावर येतात आणि पुन्हा सारं ओसरून पियानोच उरतो. अब्बा म्हणजे काय, ते या सव्वातीन मिनिटांत कळतं: चाल गोड, आत दुःख.

दुसरं ‘मम्मा मिया’. हिंदी गाण्यांवर वाढलेला माणूस इथे हमखास चमकतो, कारण आशा भोसले आणि किशोरकुमार यांच्या ‘मिल गया हमको साथी’चा (१९७७) मुखडा आर. डी. बर्मन यांनी याच चालीवरून घेतला होता. हे आधी सांगू नका, त्यालाच ओळखू द्या.

तिसरं ‘नोइंग मी, नोइंग यू’, फ्रीदाच्या गडद आवाजासाठी. ‘डान्सिंग क्वीन’ संग्रहात पहिलं आहे, तरी ते चौथं ठेवा. ते कुठेतरी कानावरून गेलेलं असतं, त्यामुळे आरंभीच लावलं तर कोणी लक्ष देत नाही. आता मात्र सांगा, की हे गाणं ध्रुवपदाच्या अर्ध्यातून सुरू होतं.

शेवटी ‘द विनर टेक्स इट ऑल’ (१९८०), शब्द समोर ठेवून. शब्द चौकडीतल्याच ब्यॉर्नचे, गायली आग्नेथा, आणि तोवर त्या दोघांचा संसार मोडला होता. यानंतर लगेच दुसरं काही लावू नका.

उरलेली चौदा गाणी दोन-तीन दिवसांनी. ‘वॉटर्लू’नं १९७४मध्ये ब्रायटनला युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, पण त्याचा बाज जुना आहे, ते अखेरीसच बरं. ‘द नेम ऑफ द गेम’ची लांबी पाहून घ्या: पूर्ण गाणं ४ मिनिटं ५१ सेकंदांचं, पण संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीत ते कापलेलं होतं. आणि कलाकाराचं नाव तपासा. २००८च्या ‘मम्मा मिया!’ या चित्रपटातली हीच गाणी नटनट्यांनी गायली आहेत, शोधताना बऱ्याचदा तीच आधी हाती लागतात.

‘विनर’ भिडलं असेल, तर पुढे १९९३चा ‘मोअर अब्बा गोल्ड’ द्या आणि त्यातलं ‘द डे बिफोर यू केम’ आधी ऐकवा. नाचाची गाणी आवडली असतील, तर त्याच संग्रहातलं ‘समर नाइट सिटी’.