लँडिंग गिअरचं (चाकं वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचं) काम झाल्यावर विमान ताब्यात घेताना काय बघायचं

छोट्या विमानाचं पोट रनवेला घासलं की सगळे आधी पायलटकडे बघतात, चाकं खाली घ्यायला विसरला असेल म्हणून. तसं होतंही म्हणा. पण तीन हिरवे दिवे (म्हणजे तिन्ही चाकं खाली येऊन लॉक झाल्याची खूण) लागलेले असताना टेकल्यावर चाकाचा एक पाय दुमडला, तर आधी हँगरमध्ये काय काम झालं होतं ते विचारा.

म्हणजे खरं तर हे उडण्याआधीच विचारायचं. लॉगबुकातली सही बघून समाधान मानू नका, काय काय खोललं होतं ते मेकॅनिककडून ऐका आणि टॉर्च घेऊन तिथेच बघा. स्प्लिट पिन (नट निघू नये म्हणून घालायची दुमडती पिन) घालायची राहिली, रॉड एंडचा (दांड्याच्या आट्यांवर फिरणाऱ्या टोकाचा) जॅम नट, म्हणजे ते टोक जागेवर धरणारा नट, ढिला राहिला, लॉकवायर (नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) उलटी बांधली, असल्याच गोष्टी निघतात. लॉकवायरने नट घट्ट व्हायच्या बाजूला ओढला गेला पाहिजे, उलटी असली तर असून नसल्यासारखी.

सगळ्यात जास्त वेळ रिगिंगवर, म्हणजे दांडे आणि स्विच नेमके जुळवण्यावर, घालवा. बऱ्याच गिअरमध्ये पाय खाली आला की ब्रेस (पायाला धरून ठेवणारा दुमडता दांडा) सरळ रेषेच्या जरासा पलीकडे जाऊन बसतो, त्याला ओव्हर-सेंटर म्हणतात, गुडघा मागे ताठ केला की वाकत नाही तसं. रॉड एंड दोन-चार आटे इकडेतिकडे झाला तर ब्रेस तिथवर पोचत नाही, आणि त्यात मायक्रोस्विच (हिरवा दिवा लावणारा छोटा स्विच) लवकर दाबला जाईल असा लावलेला असेल तर वर हिरवा दिवा आणि खाली लॉकच नाही! म्हणून विमान जॅकवर घ्यायला लावा, मॅन्युअलमधल्या जॅक पॉइंटवरच, आणि गिअर वर-खाली करून घ्या, एकदा नाही, चार-पाचदा तरी. लॉक बसल्यावरच दिवा लागतोय ना, हे बघायचं. बघताना हात-डोकं मधे घालू नका, पंपाला माणूस कळत नाही.

मग इमर्जन्सी सिस्टिम (नेहमीची यंत्रणा बंद पडली तर चाकं खाली आणायची सोय), जी नेमकी घाईत राहून जाते. पायपर ॲरो या विमानात हायड्रॉलिक प्रेशर सोडलं की चाकं वजनाने खाली येतात, पुढच्या चाकाला स्प्रिंगची मदत असते कारण ते वाऱ्याच्या विरुद्ध पुढे यायचं असतं. जुन्या बोनान्झा विमानात हँडल साधारण 50 वेळा फिरवावं लागतं. पिव्हट (पाय ज्यावर फिरतो ते सांधे) कोरडे असले तर एरवी पंप रेटून नेतो म्हणून कळत नाही, अडकतं ते इमर्जन्सीलाच, आणि जॅकवर तर समोरचा वाराही नसतो, म्हणजे इथेच अडखळलं तर विमान घेऊच नका.

ग्रीस आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. वेगवेगळ्या बेसची ग्रीस मिसळायची नाहीत, आणि जिथे लाल 5606 हायड्रॉलिक ऑइल लागतं तिथे गाडीचं ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगून खराब होतात. प्रेशरने धुतलं असेल तर ग्रीस पुन्हा भरून घ्या.

पहिलं उड्डाण दिवसा, एअरफील्डच्या जवळच. ॲरोत दिवे दिसत नसतील तर आधी पॅनेल लाइटचा स्विच बघा, तो चालू असला की गिअरचे दिवे मंद होतात आणि उन्हात बंद वाटतात. चाकं खाली यायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा, पुढच्या काही फ्लाइट्समध्ये वेळ वाढत गेला तर पंप, गळती नाहीतर कुठेतरी घासणारा पिव्हट शोधायला परत हँगरमध्ये.