मिरचीचं बी उगवत नाही, उगवलं तर रोपं कोलमडतात? या चुका टाळा

मे संपत आला की गॅलरीत मिरची, टोमॅटो, वांगी लावायची हौस सगळ्यांनाच येते आणि मग पंधरा दिवसांनी तोच प्रश्न, "बी टाकलं, रोज पाणी घातलं, काहीच आलं नाही, बी खराब होतं का?" कधीकधी बी खरंच खराब असतं, पण मी आतापर्यंत जेवढे ट्रे बघितले त्यातल्या बहुतेकांत बी पाण्यानेच मेलेलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ मगाने पाणी, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं, वरची माती हिरवट शेवाळलेली. बी जिवंत असतं, त्याला पाण्याइतकीच हवा पण लागते, ओल्या चिखलात ते गुदमरतं आणि सडतं.

शेतकरी याला वाफसा म्हणतात. जमीन ओली आहे पण चिखल नाही, आत हवा खेळतेय, तेव्हाच पेरायचं. कुंडीत पण तेच. बी लावायचं मिश्रण (ते कसं करायचं ते पुढे सांगते) मुठीत घेऊन दाबा, गोळा व्हायला हवा पण बोटांतून पाणी गळायला नको, आणि त्या गोळ्याला बोट लावलं की तो फुटायला हवा. एवढं जमलं की निम्मं काम झालं. नंतर पाणी फक्त स्प्रेने, आणि तेही वरचा थर सुकल्यासारखा दिसला तरच.

दुसरी गडबड म्हणजे घाई. मटकीला एका रात्रीत मोड येतात म्हणून मिरचीकडून पण तीच अपेक्षा ठेवतात. टोमॅटो 5 ते 8 दिवसांत येतो, वांगं साधारण आठवडा-दहा दिवस घेतं, मिरचीला 8 ते 15 दिवस लागतात आणि थंडीत त्याहून जास्त, भूत जोलोकियासारख्या अतितिखट जाती तर तीन-चार आठवडे पण घेतात. आणि लोक काय करतात, सहाव्या दिवशी माती उकरून बघतात! तेव्हा नुकतं मूळ फुटलेलं असतं, ते तुटतं आणि झालं, बी गेलंच. कृपया उकरू नका.

थंडीचं पण बघा. मिरचीला 25 ते 30 अंश तापमान आवडतं, 15 च्या खाली ती जवळजवळ थांबूनच राहते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे उघड्या गॅलरीत टाकलेलं बी महिनाभर तसंच पडून राहतं. अशा वेळी मी ट्रे किचनमध्ये फ्रिजवर ठेवते, तिथे जरा ऊब असते, वरून प्लास्टिक कागद सैलसर टाकते, पण पहिला कोंब दिसला की कागद लगेच काढायचा आणि ट्रे उजेडात न्यायचा.

हे उजेडाचं फार महत्त्वाचं आहे. बी उगवलं म्हणून खूश होऊन ट्रे अजून दोन दिवस आतच राहिला तर रोपं लांबुळकी, पांढुरकी, दोऱ्यासारखी होतात, आणि एकदा ताणलेलं रोप परत जाड होत नाही. टोमॅटो असेल तर रोप दुसऱ्या कुंडीत हलवताना बीजदलांपर्यंत, म्हणजे उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत, खोल लावा, खोडाला नवीन मुळं फुटतात. मिरचीला टोमॅटोसारखी भराभर फुटत नाहीत, त्यामुळे तिथे सुरुवातीपासून उजेडच हवा.

आता सगळ्यात जीव तोडणारा प्रकार, मर. काल संध्याकाळी छान उभी असलेली रोपं सकाळी आडवी. जवळून बघितलं तर मातीला टेकतो तिथे देठ बारीक, पाणचट झालेला असतो. ही मातीतली बुरशी आहे आणि पडलेलं रोप काही केलं तरी उठत नाही. माझा पहिला अख्खा ट्रे असाच गेला, चाळीसेक रोपं, कारण मी बागेतली जुनी माती आणि अर्धवट कुजलेलं शेणखत वापरलं होतं आणि बी मूठभर फेकून दिलं होतं, इतकं दाट की हवा जायला जागाच नाही. तेव्हापासून रोपांसाठी माती वापरतच नाही. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत, त्यात थोडी ट्रायकोडर्मा पावडर (रोगाच्या बुरशीला रोखणारी चांगली बुरशी), आणि प्रोट्रेच्या, म्हणजे रोपांसाठीच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेच्या, एका कप्प्यात एकच बी. कोकोपीटची वीट भिजवली की दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या, काहींमध्ये खारटपणा बराच असतो आणि त्याने कोवळी मुळं जळतात. मर दिसलीच तर पडलेली रोपं शेजारच्या मिश्रणासकट काढून टाका, पाणी थांबवा, ट्रे हवेशीर ठेवा, उरलेली वाचू शकतात.

खोली किती? बियाच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. बोट अर्धं खुपसून बी टाकलं तर कोंब वर येईपर्यंतच त्याची ताकद संपते.

आणि बियाचं म्हणाल तर वाण्याकडच्या सुक्या लाल मिरचीतलं बी उगवतं कधीकधी, पण ती मिरची किती जुनी, कशी वाळवलेली काहीच माहीत नसतं. दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवा, दोन आठवड्यांत किती फुटतात मोजा, सहा-सात फुटल्या तरच ट्रे भरा. भाजीवाल्याकडच्या ढोबळी मिरचीचं बी शक्यतो नको, ती बहुधा हायब्रिड (दोन वाणांच्या संकराची) असते आणि पुढच्या पिढीत तशीच येत नाही. पुसा ज्वाला किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती अशा सरळ (हायब्रिड नसलेल्या) वाणाचं बी घेतलं तर पुढच्या वर्षी घरचंच बी धरता येतं, फक्त आजूबाजूला दुसरी मिरची नको. पाकिटातलं बी गुलाबी-निळं रंगवलेलं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं, हात धुवा, पोरांच्या हाती देऊ नका.

रोपाला चार-सहा खरी पानं (बीजदलांनंतर येणारी) आली, साधारण पाच आठवडे झाले, की कुंडीत लावायचं. पण आतून उचलून थेट दुपारच्या उन्हात नाही. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग दोन, असं आठवडाभर वाढवत न्या आणि लावणी संध्याकाळीच करा.