ग्रुपवर मेडिकल स्टडी आली की आधी काय बघायचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी साडेसहाला दूध उतू जायच्या आत पहिला मेसेज पडतो, पाठवणारा कायम मामा. रिटायर्ड बँकवाला माणूस, टाईप करतो एका बोटाने पण फॉरवर्ड सुसाट. गेल्या आठवड्यात लागोपाठ तीन आले. एक, कॅन्सरची गाठ विरघळवणारं औषध सापडलं, रिझल्ट शंभर टक्के. दोन, पाळी गेल्यावरच्या हार्मोनच्या गोळ्यांनी ब्रेस्ट कॅन्सर २६ टक्के वाढतो. तीन, टाचदुखीवर परदेशी डॉक्टरांचा साधा उपाय. आता गंमत अशी की तिन्ही साफ खोटे नव्हते, तिन्हींच्या मागे खरी स्टडी होती, फक्त अर्धी कापलेली. खोटं असतं तर डिलीट करून मोकळं झालो असतो, अर्ध्या खऱ्याचाच ताप जास्त.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. कोथरूडला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, त्यामुळे कोणी टक्के म्हटलं की "कशाचे टक्के?" हे तोंडातून आपोआप निघतं. त्या एका सवयीवर मी या स्टड्या वाचायला शिकले, तेच इथे लिहितेय.

पहिलं काम म्हणजे मूळ स्टडी शोधायची. मेसेजमध्ये औषधाचं नाव, हॉस्पिटल, वर्ष यातलं काहीतरी सापडतंच, ते पबमेडवर, म्हणजे मेडिकल रिसर्चचे पेपर शोधायच्या साईटवर, टाकायचं. साईट फुकट आहे आणि बहुतेक पेपरचा गोषवारा तिथे वाचायला मिळतो, दहा-पंधरा ओळींचा असतो. इंग्रजी जड वाटलं तर गुगल ट्रान्सलेटला टाका, थोडं विनोदी मराठी येतं पण कळतं. त्यात किती लोक घेतले आणि आकडे काय आले एवढंच आधी वाचायचं, शेवटचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी, कारण तिथे संशोधक जरा हात सैल सोडून लिहितात. मेसेजमध्ये ना औषधाचं नाव, ना जर्नल, ना वर्ष, नुसतं "अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" असेल तर तिथेच थांबा, तेवढ्या वेळात कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. आपल्याकडच्या औषधाची ट्रायल चालू आहे असा दावा असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर शोधा, २००९ पासून आपल्याकडे ट्रायलची नोंद तिथे करावीच लागते.

मग विचारायचं, कोणावर केलंय? हळदीने गाठ विरघळते हा मेसेज दर वर्षी येतो. हळदीतल्या करक्युमिनने काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरंय, पण ताटलीतल्या पेशी ब्लीचनेसुद्धा मरतात. तोंडाने घेतलेलं करक्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही, अडचण तिथे आहे. उंदरांचंही तसंच, उंदरात चाललेलं औषध माणसात चालेलच असं नाही.

मामाच्या पहिल्या मेसेजमध्ये मात्र माणसं होती. औषध डॉस्टारलिमॅब, न्यूयॉर्कचं मेमोरियल स्लोन केटरिंग, जून २०२२. गुदाशयाच्या कॅन्सरच्या पेशंट्सच्या गाठी औषधानेच गेल्या, सगळ्यांच्या, ऑपरेशन लागलं नाही. शंभर टक्के बरोबर आहे, फक्त ते शंभर टक्के १२ जणांचे होते. आणि त्या सगळ्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीची एक ठराविक यंत्रणा बिघडलेली होती, तसा बिघाड गुदाशयाच्या दर शंभर कॅन्सरमध्ये पाच ते दहा जणांतच सापडतो. म्हणजे हे औषध जबरदस्त आहे, मी नाक मुरडत नाहीये, २०२५ मध्ये त्याच टीमने गुदाशयाच्या ४९ पेशंट्सचे आकडे दिले आणि त्यातही सगळ्यांच्या गाठी गेल्या होत्या. पण आपल्या ओळखीत कोणाला कॅन्सर निघाला तर "ते न्यूयॉर्कचं औषध द्या" म्हणायचं नाही, "गाठीची एमएमआर टेस्ट (म्हणजे त्याच डीएनए दुरुस्तीच्या यंत्रणेची तपासणी) झाली का?" असं डॉक्टरांना विचारायचं.

दुसरा मेसेज महागात पडला. मावशी ५२ वर्षांची, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, रात्री घामाने गाऊन ओला व्हायचा म्हणून गायनॅकने हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. मेसेज वाचला आणि तिने कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या, आठवडाभर परत जागरण. मी म्हटलं, "मावशी, कशाचे २६ टक्के ते तरी बघू."

तर ही स्टडी म्हणजे अमेरिकेतली वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. १६,६०८ बायका, अर्ध्यांना एस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची एकत्र गोळी, अर्ध्यांना औषध नसलेली खोटी गोळी. जुलै २००२ मध्ये ठरल्या वेळेच्या आधीच थांबवली. मी कागदावर तिला मांडून दाखवलं. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारात ३८ जणींना. तीसवर आठ म्हणजे साधारण २६-२७ टक्के, हिशोब बरोबर. पण दहा हजारात आठ जादा, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. मावशीने चष्मा पुसला आणि म्हणाली, "आठ म्हणजे कमी नव्हेत गं." तेही खरंच आहे! पण ते आठ बघून ठरवणं वेगळं आणि २६ टक्के वाचून धसका घेणं वेगळं.

मग दुसरा प्रश्न, त्या बायका मावशीसारख्या होत्या का? सरासरी वय ६३ होतं. म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षं झालेली. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं एस्ट्रोजेन दिलं त्या वेगळ्या गटात ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला नाही, पण स्ट्रोक वाढले म्हणून तोही गट २००४ मध्ये थांबवला. पुढे वीस वर्षं यावर घोळ चालला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रण खात्याने, या औषधांवरचे बरेचसे काळ्या चौकटीतले, म्हणजे सगळ्यात कडक, इशारे काढायचं जाहीर केलं. याचा अर्थ सगळ्यांनी घ्या असा नाही, ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय किंवा रक्तात गुठळ्या झाल्यात त्यांचं गणित पूर्ण वेगळं. मावशीला मी चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले, माझ्या वयाला धोका किती, किती वर्षं घ्यायच्या, आणि गोळीऐवजी त्वचेवरचा पॅच चालेल का. ती चिठ्ठी घेऊन गायनॅककडे गेली. पुढचं ते दोघी ठरवतील, मी मध्ये पडत नाही.

आता टाच, कारण ती माझी स्वतःची. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, चार पावलं चाललं की कमी, संध्याकाळी ओट्याशी उभं राहिलं की परत सुरू. एक्सरे काढला तर टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. मी त्याच दिवशी एका दुकानातून साडेतीन हजारांचे जेलचे सोल उचलून आणले, कोणाला न विचारता, ते अजून कपाटात आहेत. (अकाउंट्सवाली बाई म्हणे.) नंतर कळलं की ते वाढलेलं हाड अजिबात न दुखणाऱ्या कित्येक लोकांच्या एक्सरेमध्येही दिसतं. दुखतो तो बहुतेक वेळा तळपायाचा पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा, प्लांटर फॅशिया.

मामाच्या मेसेजमधली स्टडी डेन्मार्कची निघाली, २०१४ ची, ४८ पेशंट. अर्ध्यांना नेहमीचं स्ट्रेचिंग, अर्ध्यांना ताकदीचा व्यायाम, आणि सोल दोन्हीकडे. तीन महिन्यांनी व्यायामवाले स्पष्ट पुढे. वर्षाने दोन्ही गट सारखेच. म्हणजे "कायमची घालवा" नाही, "लवकर कमी होईल" एवढंच, आणि मला तेवढं पुरे होतं. कशाशी तुलना केली आणि किती दिवस बघितलं, हे दोन प्रश्न मी इथे शिकले.

व्यायाम असा. बिल्डिंगच्या जिन्याची पायरी. जुना पंचा घट्ट गुंडाळायचा, बोटं त्या गुंडाळीवर म्हणजे वर वळलेली राहतील, टाच पायरीच्या बाहेर अधांतरी, हात कठड्याला. मग तीन आकडे मोजत टाच वर, दोन आकडे तिथेच थांबायचं, तीन आकडे मोजत खाली. दुखऱ्या एका पायावर, जमत नसेल तर सुरुवातीला दोन्हींवर. एक दिवस सोडून एक दिवस, बाराचे तीन सेट. दोन आठवड्यांनी पाठीला सॅक लावून वजन वाढवायचं आणि दहाचे चार, चार आठवड्यांनी अजून वजन आणि आठचे पाच. माझ्या सॅकमध्ये हिशोबाच्या जुन्या लेजर वह्या होत्या. समोरच्या काकू दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी विचारलंच, "कसला नवस बोललीयेस का?" त्यात पंचा पायाखाली घेतलेला बघून त्यांना अजूनच वाईट वाटलं असणार.

आणि सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी, पलंगावरच, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा आणि हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा आकडे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ही २००३ च्या एका ट्रायलमधली पद्धत. घरात फरशीवर अनवाणी फिरणं मी बंद केलं, आईला घरात चप्पल चालत नाही म्हणून वेगळी आणली, तरी रोज एकदा ऐकावं लागतंच. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण वारंवार घेतलं तर पट्टा फाटायची भीती असते. तळजाई टेकडीवरचा वॉक दीड महिना बंद होता, तिसऱ्या महिन्यात परत सुरू केला. डायबेटिस असेल, पाय बधिर होत असतील, रात्री झोपेत दुखत असेल किंवा टाच सुजून लाल झाली असेल तर पंचा राहू दे, आधी डॉक्टर.

टाचेवरून आठवलं. माझ्या मैत्रिणीची बोटांच्या मुळाशी आग व्हायची, चपलेत खडा अडकल्यासारखं. तुळशीबागेतल्या निमुळत्या चपलांची तिला भारी हौस. रिपोर्टमध्ये "मॉर्टन्स न्यूरोमा" आलं, तिने रात्री दोनला गुगल केलं आणि मला रडत फोन. न्यूरोमा नाव असलं तरी ही खरी गाठ नव्हे, दोन बोटांमधली नस दाबली जाऊन जाड होते, बायकांमध्ये जास्त, आणि पुढून रुंद चप्पल घातली की बऱ्याच जणींना फरक पडतो. शेवटी "ओमा" आला की कॅन्सर असं नसतं. गर्भाशयातले फायब्रॉइड म्हणजे लिओमायोमा, ट्यूमरच, पण साधा. लायपोमा चरबीची गाठ, हिमॅटोमा तर नुसतं साकळलेलं रक्त. उलट मेलानोमा कॅन्सर आहे, आणि सावळ्या लोकांत तो तळपायाला किंवा नखाखाली निघू शकतो. बॉब मार्लीच्या पायाच्या बोटात १९७७ मध्ये तोच निघाला, चार वर्षांत गेला. म्हणून रिपोर्टमध्ये नाव बघू नका, बिनाइन (साधी) लिहिलंय का मॅलिग्नंट (कॅन्सरची) ते बघा. तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, स्तनात नवी गाठ, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त, यातलं काही असेल तर कुठलीच स्टडी वाचत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवून या.

आता एक अशी स्टडी जिच्यासाठी मी मुद्दाम बहिणीच्या मागे लागले. तिची लेक तेरा वर्षांची, एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची, लस द्यायची की नाही यावर घरात दोन तट. २००९ मध्ये आपल्याकडे या लसीचे दोन डोस का तीन याची ट्रायल सुरू झाली, पुणे आणि बार्शीही त्यात होतं, सतरा हजारांवर मुली. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, दहा वर्षं मागे राहिले, आणि दिसलं की १६ आणि १८ नंबरच्या एचपीव्ही विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनपासून एका डोसनेही जवळपास तेवढंच संरक्षण मिळालं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के याच दोन नंबरांमुळे होतात. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल म्हटलं, त्यामागे असेच पुरावे होते. यात मोजलं ते इन्फेक्शन, कॅन्सर नव्हे, हे माझ्यातल्या हिशोबनीसाने लगेच पकडलं. पण कॅन्सर मोजलेली स्टडी स्वीडनची आहे, २०२० ची, १६ लाखांवर मुली-बायका, सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत तो कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी. माणसांवर केलेली, भरपूर माणसांवर, वर्षानुवर्षं, आणि दोनातली एक तर आपल्याच मातीतली. बहिणीने लस दिली. लस आता आपल्या पुण्यातली सिरमही बनवते.

परवा सकाळी परत मामा. "अमुक फळाच्या बियांनी गाठ ४८ तासांत नष्ट." मी फक्त विचारलं, "मामा, कोणावर केलंय?" लगेच उत्तर, "माणसांवरच असणार ना." मग पाच मिनिटांनी, "बघून सांगतो." दुपारी अडीचला, म्हणजे वामकुक्षी मोडून, एकच शब्द आला. "उंदीर."