सोलापुरात बसून आकाशगंगा कशी मोजायची

फिजिक्स घेतलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, टेलिस्कोप कुठला घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं : घेऊ नका. ताऱ्यांच्या गती आणि त्यांचं रसायन शोधायला दुर्बीण लागते, पण ती तुमच्या मालकीची असावी लागत नाही. युरोपच्या गाया यानाने 2014 ते जानेवारी 2025 इतकी वर्षं आकाश न्याहाळलं. 2022 साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या यादीत सुमारे 180 कोटी तारे आहेत आणि ती कुणालाही फुकट उघडता येते. जुळे सोलापुरातल्या खोलीत बसून तुम्ही जो तक्ता उघडता, तोच केंब्रिजमधला प्राध्यापकही उघडतो. लाइट गेली तर तुमचं काम थांबतं, फरक असलाच तर एवढाच.

आधी गती. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्या सोलापूरकराने स्वाती नक्षत्राचा नारिंगी तारा पाहिलेलाच असतो. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाला तो आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो, कारण सोलापूरचे अक्षांश साडेसतरा अंशांच्या किंचित पुढे आणि स्वाती खगोलीय विषुववृत्ताच्या 19 अंश उत्तरेला. हा तारा दरवर्षी सुमारे 2.3 आर्कसेकंद सरकतो (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग). ऐकायला नगण्य वाटतं, पण 1718 मध्ये एडमंड हॅलीने प्राचीन ग्रीकांच्या नोंदी समोर ठेवल्या, तर मधल्या अठराशे वर्षांत स्वाती दोन पूर्णचंद्रांच्या रुंदीहून जास्त सरकलेला निघाला. तारे 'स्थिर' नाहीत हे असं कळलं. (गायाच्या यादीत मात्र स्वाती शोधू नका. एवढे तेजस्वी तारे त्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत.)

आकाशात आडवं सरकणं म्हणजे निजगती. तारा आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशातल्या, रेषांच्या सरकण्यावरून कळतं. गायाने हा अरीय वेग फक्त 3.3 कोटींच्या आसपास ताऱ्यांचा दिलाय. म्हणून जमिनीवरच्या वर्णपट-सर्वेक्षणांना महत्त्व : अमेरिका आणि चिलीतल्या दुर्बिणींवरचं अपोजी, ऑस्ट्रेलियातलं गाला, चीनमधलं लॅमोस्ट. त्याच वर्णपटातून रसायनही हाती लागतं, आणि खरी मजा तिथेच आहे.

मॅग्नेशियम मुख्यतः मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून येतं. असे तारे अल्पायुषी, काही कोटी वर्षांत संपणारे. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या, म्हणजे विझलेल्या लहान ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो आणि त्यांना बराच वेळ लागतो. त्यामुळे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त असलेला तारा बहुधा घाईघाईने तारे घडले त्या जुन्या काळातला. स्वातीत लोह सूर्याच्या साधारण तिसरा हिस्सा, पण मॅग्नेशियमचं प्रमाण त्या मानाने चढं. 2018 मध्ये गती आणि रसायन एकत्र ठेवल्यावर दिसलं की आपल्या आकाशगंगेने आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका गिळली होती. तिचे तारे आजही लांबट कक्षांत फिरताना सापडतात. नुसत्या गतीवरून हा दावा कच्चा राहिला असता.

सुरुवात कृत्तिकांपासून करा. गायाच्या संग्रहात कृत्तिकांभोवती दोन अंशांचं वर्तुळ घ्या आणि पाच मिलीआर्कसेकंदांपेक्षा (आर्कसेकंदाचा हजारावा भाग) जास्त पॅरलॅक्स असलेले तारे मागवा. पॅरलॅक्स म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तारा जितका हललेला दिसतो ते; तारा जितका दूर, तितका तो लहान. दोन्ही दिशांच्या निजगतींचा आलेख काढा. विखुरलेल्या ठिपक्यांत वर्षाला अधिक 20 आणि उणे 45 मिलीआर्कसेकंदांच्या आसपास एक घट्ट पुंजका दिसेल. तोच तारकागुच्छ. त्याचा सरासरी पॅरलॅक्स साडेसातच्या जरा खाली येतो, म्हणजे अंतर सुमारे 136 पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं). आधीच्या हिप्पार्कस यानाने ते 120 च्या घरात सांगितलं होतं आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता.

यादीत उणे पॅरलॅक्स दिसले की मुलं घाबरतात आणि त्या ओळी खोडून टाकतात. तसं करू नका. दूरच्या ताऱ्याचा पॅरलॅक्स त्रुटीहून लहान असला की मोजमाप शून्याखाली जाणारच. एक भागिले पॅरलॅक्स करून अंतर काढायचं ते त्रुटी दहा टक्क्यांच्या आत असेल तरच. संशोधनाच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मी हटकून हेच विचारीन, कारण पायथॉन महिनाभरात येतं, पण आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळायला वेळ लागतो. संख्याशास्त्राचा पेपर ऑप्शनला टाकू नका, एवढीच माझी दमदाटी.

पुढची वाट नेहमीचीच : बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, एमएस्सीच्या शेवटाला पीएचडीसाठी जेस्ट आणि नेट या परीक्षा. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उन्हाळ्यात निवडक विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी घेते. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था वर्णपटाच्या कामासाठी उत्तम, लडाखमधल्या हानळेची दोन मीटरची दुर्बीण त्यांचीच. घरचे विचारतील, "नोकरीचं काय?" खरं सांगा : कायमच्या जागा मोजक्याच आहेत. पण एवढा मोठा डेटा हाताळलेल्या माणसाला बँकांपासून सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत कुठेही विचारतात, आणि मध्येच वाट बदलली तर त्यात कमीपणा नाही.

अर्ज करताना 'मला लहानपणापासून आकाशाची आवड' हे वाक्य गाळा, सगळेच लिहितात. त्याऐवजी कृत्तिकांचा तो आलेख जोडा आणि पुंजक्यातले कोणते तारे तुम्ही का वगळले, ते चार ओळींत लिहा.