वाईटात वाईट तेच डोळ्यांसमोर येते तेव्हा

वरिष्ठांचा ‘संध्याकाळी जरा बोलायचे आहे’ एवढाच संदेश येतो आणि पाच मिनिटांत नोकरी गेल्याचे, घराचा हप्ता थकल्याचे चित्र मनात पुरे होते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे. परंतु स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तीला अनिश्चितता सोसणे बहुधा फार जड जाते आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष आवरणे कठीण करणारी अवधान-अतिचंचलतेची स्थिती, असलेल्याला एकदा धरलेल्या विचारावरून लक्ष काढून घेणे अवघड होते. ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्याची मुभा मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये दिली. ज्यांच्यात दोन्ही आहे, त्यांच्यात हे दोन्ही ताण एकत्र येतात.

अशा वेळी आधी शरीराकडे पाहावे. भूक, अपुरी झोप, गोंगाट किंवा जास्त झालेली कॉफी यांमुळे होणारी धडधड पुष्कळदा भीती म्हणूनच जाणवते, कारण शरीराच्या आतल्या खुणा ओळखणे यांपैकी अनेकांना कठीण जाते. पाणी प्यावे, काही खावे, शांत खोलीत बसावे.

मग भीती कागदावर उतरवावी. मनातल्या मनात वाद घालू नये, कारण तिथे मुद्दे हातातून निसटतात आणि तोच विचार फिरून येतो. खरोखर काय कळले आहे, ते एका वाक्यात लिहावे. मनाने त्यात काय भरले, ते त्याखाली. ‘हे खरे आहे का?’ या प्रश्नावर मात्र फार रेंगाळू नये, असे माझे ठाम मत आहे. विसराळूपणासाठी लहानपणापासून बोलणी खाल्लेल्या माणसाकडे भीतीचे पुरावे भरपूर असतात, आणि ते खोटे नसतात. त्याऐवजी ‘तसे झालेच, तर पहिल्या दिवशी मी काय करीन?’ याचे उत्तर फोन करायच्या व्यक्तीच्या नावासह लिहावे.

शक्य असेल तिथे अनिश्चितताच कमी करावी. ‘तयारी करून येता यावे म्हणून विषय कळवाल का?’ असे विचारण्यात काहीही गैर नाही.

घरच्यांनी ‘काही होत नाही, उगाच विचार करतोस’ असे म्हणू नये. काय, कधी आणि कुठे होणार, हे नेमके सांगावे. झोप, जेवण किंवा काम आठवडेच्या आठवडे बिघडले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे आणि सूचना लेखी स्वरूपात मागाव्यात. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनाशुल्क बोलता येते.