सोलरवाल्यांना जमीन द्यायची, पण सही कधी करायची?

सोलर कंपनीचा पहिला एजंट आमच्या शेतात आला तेव्हा मी बायांसोबत कांदा कापत बसले होते. २०२१ चा मार्च. माझे मालक वारून आठ महिने झाले होते. सातबाऱ्यावर सासूबाई, मी, दोन्ही पोरं आणि दोन नणंदा अशी सहा नावं नुकतीच लागली होती. "ताई, हा काही करार नाही, नुसतं संमतीपत्र आहे," तो म्हणाला. शंभराचा स्टॅम्प आणि सोबत २१ हजारांचा चेक. घरी आल्यावर सासूबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, "काय लिखेल शे त्याम्हा?" वाचून दाखवायला कागद हाती घेतला, तोवर माझी सही होऊन गेली होती.

कागदात एवढंच होतं की ही अकरा एकर जमीन मी या कंपनीशिवाय दुसऱ्या कोणाला देणार नाही. कधीपर्यंत देणार नाही, त्याचा पत्ताच नव्हता. पुढची दोन वर्षं ना कोणी मोजायला आलं, ना कोणी फोन उचलला. २०२३ ला दुसरे लोक चांगला भाव घेऊन आले, तेव्हा मात्र पहिल्यांच्या वकिलाची नोटीस आठ दिवसांत घरी. धुळ्याच्या वकिलांनी कागद पाहिला आणि हसले. सहा जणांच्या जमिनीवर एकटीची सही! माझ्या चुकीनेच मला वाचवलं. पैसे परत केले, रद्दलेख करून घेतला, आणि मगच मी सुटले.

साक्री, शिंदखेडा, दोंडाईचा पट्ट्यात आता घरोघर हाच विषय आहे, म्हणून जे शिकले ते लिहून ठेवते. जमीन भाडेपट्ट्याने द्यावी की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी बोलतेय ते सहीच्या वेळेबद्दल.

एजंट आला म्हणजे प्रकल्प आला असं होत नाही. आधी जमिनी गोळा करायच्या आणि नंतर त्या कोणाला तरी दाखवून मंजुरी मिळवायची, असं बरेच जण करतात. म्हणून पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. विचारा, "वीज कोणत्या उपकेंद्रात सोडणार? तिथे जागा शिल्लक आहे का? महावितरणचं पत्र दाखवा." उपकेंद्राची क्षमता ठरलेली असते. ती दुसऱ्याच्या प्रकल्पाने भरली, तर तुमची माळरानाची जमीन कितीही सपाट असली तरी कोणी विचारत नाही. पत्र असेल तर बोलणी पुढे न्या. नसेल तर चहा पाजा आणि पाठवून द्या. उलट बाजूही खरी आहे. पत्र हातात असलेल्याला सहा महिने लटकवत ठेवलं, तर तो बांधापलीकडच्याची जमीन घेऊन मोकळा होतो. आमच्या शिवारात एका नानांचं तसंच झालं. आता त्यांच्या तिन्ही बाजूंनी पॅनेल आणि मध्ये त्यांची बाजरी.

भावाचं बोलायचं तर सरकारी दर माहीत असू द्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार, किंवा रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यातलं जे जास्त ते भाडं ठरलं. म्हणजे एकरी ५० हजारांच्या आसपास. वर दरवर्षी ३ टक्के वाढ. पण वाढ सरळ की चढती, हे नीट वाचा. सरळ असेल तर पंचविसाव्या वर्षी हेक्टरी २ लाख १५ हजार होतात. वाढलेल्या रकमेवर पुन्हा वाढ धरली तर तेच २ लाख ५४ हजार. योजनेत वाढ सरळ आहे. खासगी कंपनीशी बोलताना मात्र चढती मागायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. मी मागितली. मिळाली नाही, पण त्या बदल्यात विहिरीचा रस्ता मिळाला.

आता मुदतीची गोष्ट. माझा भाचा टेक्सासात असतो. तिकडे शेताच्या पोटातलं तेल बहुतेक वेळा खासगी माणसाच्या मालकीचं असतं, आणि तेल कंपन्या ते काढायचा पट्टा लिहून घेतात. (आपल्याकडे जमीन आपली, पोटातलं तेल सरकारचं, त्यामुळे हा घोर आपल्याला नाही.) भाचा म्हणाला, "मावशी, तिकडे पट्ट्यात मुदत असते, पुष्कळदा तीन वर्षांची. तेवढ्यात बोअर पाडून तेल लागलं नाही तर पट्टा आपोआप संपतो." मी म्हटलं, मग मीच का बिनमुदतीची बसले? दुसऱ्या करारात पहिलं कलम तेच टाकायला लावलं: सहीपासून अठरा महिन्यांत काम सुरू झालं नाही तर करार संपला, कंपनीने दिलेले पैसे तिला परत मिळणार नाहीत. आणि भाडं सहीच्या तारखेपासून. "वीज सुरू झाल्यापासून" असं लिहिलेलं असेल तर खोडायला लावा. वीज सुरू व्हायला दोन वर्षं लागली तर तेवढे दिवस जमिनीत ना पीक, ना भाडं.

करारात पट्टा २९ वर्षांचाच का, हे मला आधी कळत नव्हतं. मुद्रांक शुल्क पाहिलं तेव्हा कळलं. दहा ते २९ वर्षांच्या पट्ट्याला जमिनीच्या बाजारभावाच्या निम्म्या रकमेवर शुल्क बसतं, २९ च्या पुढे गेलं की ९० टक्क्यांवर. ते शुल्क कंपनीने भरायचं, हेही लिहून घ्या. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्यावर भागत नाही.

आमच्याकडच्या जुन्या माणसांची एक भीती असते, "कुळ लागी जाई." कुळाचा हक्क जमीन कसणाऱ्याचा. पॅनेल लावणारा जमीन कसत नाही. तरी "शेतीखेरीज वापरासाठी" हे शब्द कागदात असू द्या. जमीन आदिवासी बांधवाची असेल तर गोष्टच वेगळी. महसूल संहितेच्या ३६-अ कलमाप्रमाणे बिगर आदिवासीला ती पट्ट्यानेही द्यायची तर वरून परवानगी लागते. परवानगीआधी कोणी सही मागत असेल तर त्याला खळ्यातूनच वाटेला लावा.

विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांचं नाव काढल्याशिवाय आमच्या तिकडे जमिनीचा विषय पुरा होत नाही. २०१८ च्या जानेवारीत मोबदल्यासाठी ते मंत्रालयात गेले आणि तिथे विष घेतलं. ते भूसंपादन होतं. सरकार जमीन घेतं तेव्हा नाही म्हणायची सोय फारशी नसते. पट्ट्यात ती असते. ती सोय सहीच्या क्षणापर्यंतच असते, म्हणून मी वेळेवर एवढी अडून बसते.

मग सही कधी? मी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया धरली, आणि कारण सोपं आहे. रब्बी निघालेला असतो, कांदा चाळीत गेलेला असतो, खरीप पेरायचा असतो. शेत रिकामं, म्हणजे उभ्या पिकाच्या नुकसानीचा वाद नाही. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी, तोही आखाजीलाच ठरतो. जमीन जाणार असेल तर त्या माणसाला आखाजीआधी सांगा, म्हणजे तो दुसरीकडे साल धरेल. ऐन श्रावणात त्याला घरी बसवू नका. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आखाजीला लेकी माहेरी येतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. माझ्या दोन्ही नणंदा झोक्यावरून उतरल्या तशा मसुद्यासमोर बसल्या. धाकटीने शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "वहिनी, वाद झाला तर हैदराबादच्या कोर्टात का जायचं आपण?" हे कलम वकिलाच्याही नजरेतून सुटलं होतं. ते धुळे करून घेतलं. भाडं सहा जणांच्या खात्यात वेगवेगळं जायचं, हेही तेव्हाच ठरलं.

उरलेलं थोडक्यात. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावरून आधी उतरवा. कंपनीला बँकेकडे फक्त पट्ट्याचा हक्क तारण ठेवता यावा, आपली जमीन नाही. मुदत संपल्यावर लोखंड आणि सिमेंटचे पाये उपसून नेणं त्यांच्या खर्चाने, आणि त्यासाठीची रक्कम आधी जमा. भाडं शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यावर कर लागतो. आणि सगळी जमीन देऊ नका. आम्ही विहिरीजवळची तीन एकर ठेवली. दोन म्हशींचा चारा आणि घरचा कांदा तिथेच होतो.

नोंदणीच्या दिवशी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा उतारा, हातात पडल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. मला दुपारी सांगितलं, "सर्व्हर बंद आहे, उद्या या." मी पायरीवर बसले आणि भाकरीची शिदोरी सोडली. साडेचारला कागद मिळाला.